धाप लागते ती फक्त जाडीमुळेच का?

मागच्या अंकात हार्ट फेल्युअरवर लिहिलं आणि त्यानंतर जी पत्रं आणि मेल आले त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी फिरून फिरून एकच विचारलंय, वजनाचं काय करायचं. काहींना डॉक्टरने नुसतं 'वजन कमी करा' सांगून घरी पाठवलंय, काहींनी इंजेक्शनबद्दल ऐकलंय, एका काकांनी तर जाड पेशंट जास्त जगतात असं कुठंतरी वाचलंय. म्हणून यावेळी सगळं सदर याच विषयाला देतोय. नावं कुणाचीच छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न : माझी आई ५८ वर्षांची, उंची पाच फूट एक इंच, वजन ९२ किलो. बीपी आहे, गोळी चालू आहे. दोन वर्षांपासून जिना चढताना धाप लागते, आता तर चपलेचा पट्टा लावायला वाकली तरी दम लागतो. तीन डॉक्टर झाले, सगळे म्हणाले वजन आहे म्हणून होतंय. टूडी इको केला तर पंपिंग ६० टक्के, नॉर्मल. आणि आता चौथे डॉक्टर म्हणतात हे हार्ट फेल्युअर आहे. पंपिंग नॉर्मल असताना हार्ट फेल कसं? आई तर घाबरून रडायलाच लागली. (कोल्हापूर)

ताई, आधी आईंना सांगा की हार्ट फेल्युअर म्हणजे हार्ट बंद पडणं नाही. हा शब्दच वाईट आहे, 'हृदय निकामी' म्हटलं की माणूस खचतोच. त्याचा अर्थ एवढाच की शरीराला जेवढं रक्त लागतं तेवढं हृदय पुरवू शकत नाहीये, किंवा पुरवतंय पण त्यासाठी आतला दाब खूप वाढवावा लागतोय, आणि तो दाब मागे फुफ्फुसात साठतो म्हणून धाप लागते.

आता पंपिंगचं. इकोमध्ये जो ईएफ लिहितात तो हृदय आकसताना किती टक्के रक्त बाहेर टाकतं याचा आकडा. ४० किंवा त्याखाली असेल तर हृदयाचा स्नायू कमजोर झालाय, ते आपल्या सगळ्यांना माहिती असलेलं हार्ट फेल्युअर. पण हृदयाला दोन कामं असतात, आकसणं आणि सैल पडणं, आणि आईंचं हृदय आकसतंय छान पण सैल नीट पडत नाहीये, भिंती कडक झाल्यात. रक्त आत शिरायलाच त्रास. अशा वेळी ईएफ ५० च्या वर, म्हणजे कागदावर नॉर्मल असतो आणि पेशंट मात्र दोन जिने चढू शकत नाही. हा प्रकार बायकांमध्ये, साठीच्या आसपास, बीपी आणि वजन असलेल्यांमध्ये जास्त दिसतो. म्हणजे अगदी तुमच्या आईंसारख्या.

वजनाने हे कसं होतं ते जरा नीट सांगतो कारण इथंच सगळी गडबड होते. लोकांना वाटतं जास्त ओझं वाहावं लागतं म्हणून हृदय थकतं. ते आहेच, वजन वाढलं की शरीरातलं रक्त वाढतं, दर मिनिटाला जास्त रक्त फिरवावं लागतं, भिंती जाड होतात. पण चरबी म्हणजे नुसतं गाठोडं नाही. पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी सारखी काही ना काही रसायनं सोडत असते, त्याने अंगात बारीक सूज राहते, किडनी मीठ धरून ठेवते, मीठ राहिलं की पाणी राहतं. आणि एक चरबी थेट हृदयावरच बसलेली असते, बाहेरून. हृदय एका पिशवीत असतं बघा, ती पिशवी फार ताणली जात नाही. त्यात हृदयही मोठं झालं आणि वरून चरबीचा थर आला की आत जागाच उरत नाही, लोखंडी ट्रंकेत दोन गाद्या कोंबल्यासारखं. मग वाकलं की पोटाचा दाब वर येतो, हृदयातला दाब आणखी वाढतो आणि दम लागतो. चपलेच्या पट्ट्याचं जे तुम्ही लिहिलंय ना, त्या एका वाक्यावरून मला सगळ्यात जास्त कळलं. वाकल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत धाप लागणं हे हार्ट फेल्युअरचं लक्षण म्हणून २०१४ मध्ये नीट नोंदवलं गेलंय. नुसत्या ढेरीनेही थोडं होतं, पण ते लक्षण ऐकून सोडून द्यायचं नसतं.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात हजारो लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून जो अभ्यास चाललाय त्यातलं २००२ सालचं निरीक्षण असं आहे की बीएमआयचा (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) एक आकडा वाढला की हार्ट फेल्युअरचा धोका पुरुषांमध्ये ५ टक्के आणि बायकांमध्ये ७ टक्के वाढतो. आईंच्या उंचीला बीएमआयचा एक आकडा म्हणजे साधारण अडीच किलो. त्यांचा बीएमआय आज ३८ येतो.

आता रक्ताची ती एनटी-प्रो-बीएनपी टेस्ट. तुम्ही रिपोर्टचा फोटो जोडलाय त्यात आकडा नॉर्मलच्या जरासा वर आहे आणि एका डॉक्टरनी त्यावर 'विशेष काही नाही' असं लिहिलंय. हृदय ताणलं गेलं की हे द्रव्य रक्तात वाढतं, पण जाड माणसांमध्ये ते मुळातच कमी निघतं. त्यामुळे बारीक माणसात जो आकडा किरकोळ वाटेल तो ९२ किलोच्या बाईत किरकोळ नसतो, जाड पेशंटसाठी कटऑफ खाली धरावा लागतो. शिवाय जाड छातीतून इकोचं चित्रही धूसर येतं. म्हणजे बघा, ज्या माणसाला हा आजार व्हायची शक्यता जास्त त्याच माणसात तो पकडणं अवघड, आणि वर त्याला ऐकवायचं की बाई तू खातेस जास्त म्हणून दमतेस. दोन वर्षं गेली तुमच्या आईंची यात. मला याचं खरंच वाईट वाटतं.

तर चौथ्या डॉक्टरांचं ऐका. उपचार आहेत. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, मुळात शुगरच्या गोळ्या पण शुगर नसली तरी या आजारात चालतात, हॉस्पिटलच्या फेऱ्या कमी करतात, आणि जेनेरिक आल्यापासून किंमत परवडण्यासारखी झालीये. पाणी साठलं असेल तर लघवीची गोळी. बीपी घट्ट ताब्यात. आणि वजन, तो आता सल्ला राहिलेला नाही, तो उपचाराचा भाग आहे, त्याबद्दल पुढच्या उत्तरांमध्ये येतंच. आई रात्री मोठ्याने घोरतात का, झोपेत मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो का, सकाळी डोकं जड असतं का, तेही डॉक्टरांना सांगा. स्लीप ॲप्निया असेल तर बीपी काही केल्या खाली येत नाही.

प्रश्न : वय ६४, उंची पाच सात, वजन ९६. दोन वर्षांपूर्वी ॲटॅक आला, आता पंपिंग ३० टक्के. चार प्रकारच्या गोळ्या चालू आहेत. मी वाचलंय की हार्ट फेल्युअरमध्ये जाड पेशंट बारीक पेशंटपेक्षा जास्त जगतात. मग मी वजन का कमी करू? बायको रोज डोकं खाते. (ठाणे)

काका, तुम्ही वाचलेलं खोटं नाही. ओबेसिटी पॅराडॉक्स म्हणतात त्याला. वीस-पंचवीस वर्षं एकामागून एक अभ्यासात हेच दिसत होतं की हार्ट फेल्युअर झाल्यावर ज्यांचा बीएमआय जास्त ते जास्त टिकतात, आणि आम्ही डॉक्टर लोकही त्यामुळे पेशंटच्या वजनाकडे बघायला कचरायचो.

पण त्यात गोम आहे. आजार जुना झाला, हाताबाहेर गेला की माणूस आपोआप वाळतो, भूक जाते, मांड्या बारीक होतात. म्हणजे बारीक गटात खूप आजारी लोक आधीच येऊन बसलेले असतात, ते बारीक आहेत म्हणून गेले असं नाही, ते जास्त आजारी होते म्हणून बारीक झाले होते. दुसरं म्हणजे बीएमआयला चरबी, स्नायू आणि पाणी यातला फरकच कळत नाही. पॅराडाइम-एचएफ नावाच्या मोठ्या ट्रायलचा डेटा २०२३ मध्ये पुन्हा तपासला, यावेळी बीएमआयऐवजी कमरेचा घेर भागिले उंची घेतली आणि पेशंट किती आजारी आहे तेही हिशेबात धरलं, तर तो पॅराडॉक्स गायबच झाला. उलट ज्यांची कंबर उंचीच्या मानाने मोठी त्यांना हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट व्हायची वेळ जास्त आली.

म्हणून काटा बाजूला ठेवा आणि शिंप्याकडचा टेप घ्या. तुमची उंची १७० सेंटिमीटर, कंबर त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे ८५ च्या आत हवी. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. आला आकडा ११० तर वहिनींचं बरोबर आहे.

पण एक फरक लक्षात ठेवा. ज्यांचं पंपिंग कमी आहे त्यांच्यात वजन उतरवून आयुष्य वाढतं असं पक्कं सिद्ध झालेलं नाही, तुमच्यासाठी खरा आधार त्या चार गोळ्याच आहेत, एकही सोडू नका. वजन सावकाश उतरवायचं, सहा महिन्यांत चार-पाच किलो, आणि स्नायू घालवायचे नाहीत. घाई नको. आणि हो, पुढे कधी हार्ट ट्रान्सप्लान्टचा विषय निघालाच तर बीएमआय ३५ च्या वर असेल तर आधी तो खाली आणायला सांगतात, म्हणजे वजनाने ते दारही अडतं. तुम्ही ३३ वर आहात.

प्रश्न : बाबांना पाय सुजले आणि झोपता येईना म्हणून ॲडमिट केलं. पाच दिवसांत सहा किलो वजन कमी झालं, आम्ही खूश. घरी आल्यावर चार दिवसांत तीन किलो परत वाढलं. बाबा म्हणतात मी तर दोनच भाकऱ्या खातो. खोटं बोलतायत का? (नागपूर)

नाही हो. बाबा खरं बोलतायत.

चार दिवसांत तीन किलो चरबी चढवायला माणसाला रोज नेहमीच्या जेवणावर आणखी पाच हजारांहून जास्त कॅलरी खाव्या लागतील. कुणालाच जमणार नाही. ते पाणी आहे. हॉस्पिटलमध्ये गेलेले सहा किलोही पाणीच होतं, एक किलो म्हणजे एक लिटर असं धरा. ते परत आलं म्हणजे एकतर लघवीची गोळी कमी पडतेय किंवा चुकतेय (बाहेर जायचंय म्हणून सकाळची गोळी टाळणं हा प्रकार घरोघरी चालतो), नाहीतर मीठ. भाकऱ्या दोनच असतील, पण सोबत काय होतं? लोणचं, पापड, ठेचा, संध्याकाळी चहाबरोबर फरसाण? मिठाचा हिशेब ताटातल्या मिठाने करू नका, बरणीतल्या मिठाने करा. दिवसभराचं सगळं मिळून एक सपाट चमचा, पाच ग्रॅम. सैंधव मीठही मीठच आहे, त्याने काही वाचत नाही. आणि बाजारात ते लो-सोडियम मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, बाबांना स्पायरोनोलॅक्टोन किंवा तसली गोळी चालू असेल तर ते डॉक्टरला विचारल्याशिवाय घरात आणू नका, पोटॅशियम वाढून जिवावर बेतू शकतं.

माझ्याकडे एक आजी यायच्या, शाळा चौथी. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर जिथे दुधाचा हिशेब लिहायच्या त्याच चौकटीत खाली पेन्सिलीने रोजचं वजन लिहायला सुरुवात केली. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, गाऊनवरच. दर महिन्याला कॅलेंडरचं पान फाडून गुंडाळी करून घेऊन यायच्या. एका महिन्यात ६८, ६८, ६८.५, मग ७० आणि ७१, आणि ७१ च्या पुढे त्यांनीच पेन्सिलीने गोल काढला होता, त्या दिवशी त्यांनी फोन केला, मी गोळी दीडपट करायला सांगितली, तीन दिवसांत परत ६८. ॲडमिट व्हायची वेळ टळली. नातीच्या हळदीला गेल्या होत्या, दोन दिवस बाहेरचं जेवण, तेवढ्यानेच झालं होतं.

तुम्हीही हेच करा. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर फोन करायचा, पाय सुजायची किंवा धाप लागायची वाट बघायची नाही. नडगीवर अंगठा दाबून खड्डा राहतो का, मोज्याचा वळ पडतो का तेही बघा. जाड पायांवर सूज लवकर कळत नाही, म्हणून वजन असलेल्या पेशंटला काटा जास्त महत्त्वाचा.

प्रश्न : मी ५२ वर्षांची, शुगर आहे, बीएमआय ३४, आणि पंपिंग नॉर्मल असलेलं हार्ट फेल्युअर आहे असं निदान झालंय. मुलगा न्यू जर्सीत आहे, तो म्हणतो तिकडे सगळे वजनाचं इंजेक्शन घेतात, मी इथून पाठवतो. घेऊ का? हार्टला चालतं का? (पुणे)

या प्रश्नाला दहा वर्षांपूर्वी माझ्याकडे उत्तरच नसतं. वजनाच्या औषधांनी हृदयरोग्यांना आधी चांगलंच पोळलंय, सिब्युट्रामिन नावाची गोळी २०१० मध्ये युरोप-अमेरिकेच्या बाजारातून काढावी लागली कारण तिने ॲटॅक आणि स्ट्रोक वाढत होते. म्हणून जुने डॉक्टर वजनाच्या औषधाचं नाव काढलं की कपाळाला आठ्या घालतात, त्यांची चूक नाही.

ही नवी इंजेक्शनं वेगळी आहेत. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड. जेवल्यावर आतड्यातून जी हार्मोन्स सुटतात त्यांच्यासारखी ती काम करतात, पोट सावकाश रिकामं होतं, मेंदूला पुरे झालं असं कळतं. आणि मुद्दाम तुमच्यासारख्याच पेशंटवर, म्हणजे बीएमआय ३० च्या वर आणि हार्ट फेल्युअर असूनही पंपिंग राखलेलं, अशांवर ट्रायल झाल्यात. २०२३ ची स्टेप-एचएफपीईएफ, ५२९ पेशंट, एक वर्ष सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा. इंजेक्शन घेणाऱ्यांचं वजन सरासरी १३ टक्के उतरलं, खोटं इंजेक्शन (तुलनेसाठी दिलेलं, औषध नसलेलं) घेणाऱ्यांचं अडीच टक्के. पण मला वजनापेक्षा दुसरा आकडा आवडला, सहा मिनिटांत माणूस किती चालू शकतो तो. इंजेक्शनवाले आधीपेक्षा २१ मीटर जास्त चालले, बाकीचे जवळजवळ तेवढेच. २१ मीटर ऐकायला काही वाटत नाही, पण ज्याला बेडरूममधून दारापर्यंत येताना थांबावं लागतं त्याला विचारा. पुढच्या वर्षी शुगर असलेल्यांवर तसंच केलं, ६१६ पेशंट, तिथे वजन जरा कमी उतरलं, दहा टक्क्यांच्या आसपास, शुगर असली की वजन हट्टी असतंच, पण धाप आणि चालणं यात फायदा तसाच.

मग २०२४ च्या शेवटी समिट नावाची ट्रायल आली, टिर्झेपाटाइड, ७३१ पेशंट, सुमारे दोन वर्षं. हृदयरोगाने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर बळावणं हे दोन्ही मिळून खोट्या इंजेक्शनच्या गटात १५.३ टक्के आणि खऱ्याच्या गटात ९.९ टक्के. हा फायदा बळावण्याच्या बाबतीत दिसलाय. मृत्यू कमी झाले असं त्यातून सिद्ध झालेलं नाही, हे मी मुद्दाम सांगतोय कारण जाहिरातीत दोन्ही एकत्र बोललं जातं.

तर तुमच्यासाठी, ताई, हा पर्याय खरोखर विचार करण्यासारखा आहे. पण मुलाला तिकडून पाठवू नको म्हणा. औषध फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, डोस अगदी छोट्यापासून हळूहळू वाढवावा लागतो, आणि भारतात दोन्ही मिळतात, माउंजारो (टिर्झेपाटाइड) २०२५ च्या मार्चमध्ये आलं आणि वेगोव्ही (सेमाग्लुटाइड) जूनमध्ये. ते सुरू करताना समोर तुमचा इको आणि तुमच्या गोळ्या माहिती असलेला डॉक्टर हवा, ब्यूटी क्लिनिकवाला नको. का ते सांगतो. खाणंपिणं कमी झालं, उलट्या-जुलाब झाले, वजन उतरलं की बीपीही उतरतं, आणि लघवीची गोळी मात्र जुन्याच डोसने चालू राहिली तर माणूस कोरडा पडतो, चक्कर येऊन पडतो, किडनीवर ताण येतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर शुगर एकदम खाली जाते. हे डोस वरचेवर बघावे लागतात. दुसरं, उतरलेल्या वजनात फक्त चरबी नसते, स्नायूही जातो, म्हणून रोजच्या जेवणात उसळ, डाळ, अंडी, मासे, पनीर यातलं काही दोन्ही वेळा हवं आणि खुर्चीतून हात न टेकता उठाबस करण्यासारखे व्यायाम हवेत. तिसरं, इंजेक्शन बंद केलं की वजन परत येतं. एका अभ्यासात वर्षभरात दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे बीपीच्या गोळीसारखं हे लांबचं आहे, खर्चाचा विचार त्या हिशेबाने करा.

आणि ठाण्याच्या काकांसारखं ज्यांचं पंपिंग कमी आहे त्यांनी हे उत्तर वाचून इंजेक्शन घ्यायला पळू नका. याच कुटुंबातलं लिराग्लुटाइड कमी पंपिंगवाल्यांना देऊन बघितलं होतं, फायदा झाला नाही, एका ट्रायलमध्ये तर नाडी वाढली आणि हृदयाचे गंभीर त्रास इंजेक्शनच्या गटात जास्त झाले. तिथे जपून.

अजून एक, हे पुण्याच्या ताईंनी विचारलं नाहीये पण बऱ्याच जणांनी विचारलंय, 'माझा बीएमआय २७ आहे, मग मी काही त्या ३० मध्ये बसत नाही, मला काळजी नाही ना?' आपल्याला तो ३० चा आकडा लागू करताना सांभाळून. पुण्याच्याच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा फोटो छापला होता, दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला दोघं सारखेच. म्हणूनच भारतीयांसाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० च्या आत. २७ म्हणजे आपल्या हिशेबाने लठ्ठपणातच येतं.

प्रश्न : गुडघे दुखतात म्हणून चालता येत नाही, चालता येत नाही म्हणून वजन वाढतं, वजन वाढतं म्हणून धाप. करायचं काय? वय ६१, वजन ८८, हार्ट फेल्युअर आहे. (सातारा)

हा चक्रव्यूह मी रोज ओपीडीत बघतो. आणि त्यात सगळ्यात आधी विचारतो की गुडघ्यासाठी काय घेता. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब, मेडिकलवाल्याने दिलेली कसली तरी 'पेनकिलर', या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, लघवीच्या गोळीचा असर मारतात आणि हार्ट फेल्युअर बळावतं. बंद करा, आजपासून. प्रीगॅबालिन नसांसाठी म्हणून देतात त्यानेही सूज येते. शुगरसाठी पायोग्लिटाझोन चालू असेल तर तीही या आजारात चालत नाही, डॉक्टरांना बदलायला सांगा. दुखण्याला पॅरासिटामॉल चालते, लावायचं जेल मर्यादेत चालतं, शेक चालतो.

चालता येत नसेल तर बसून करा. खुर्चीवर बसायचं, एक पाय सरळ उचलून दहा आकडे मोजायचे, खाली, मग दुसरा. टीव्हीवर मालिका लागली की जाहिरातीत. दोन-तीन आठवड्यांत मांडी घट्ट होते आणि गुडघा जरा सुसह्य होतो, मग घरातल्या घरात दहा मिनिटं. अमेरिकेत २०१६ मध्ये १०० वयस्कर, जाड, पंपिंग राखलेल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटवर वीस आठवडे प्रयोग झाला, काहींना आहार, काहींना चालणं, काहींना दोन्ही. नुसत्या आहारानेही दम टिकण्याची ताकद वाढली, नुसत्या चालण्यानेही तेवढीच वाढली, आणि दोन्ही केलेल्यांची बेरीज झाली. म्हणजे गुडघ्यामुळे आज चालणं जमत नसेल तरी ताटापासून सुरुवात करता येते. बोलता येईल पण गाता येणार नाही इतपतच दम लागू द्यायचा. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबायचं.

प्रश्न : श्रावण सुरू होतोय, मी महिनाभर एकभुक्त करते आणि यंदा सोबत कीटो पण करणार आहे. डापा १० एमजी चालू आहे. चालेल ना? (नाशिक)

कीटो अजिबात नको. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनवर असताना पिठं-भात एकदम बंद केलं किंवा लांब उपास केला तर रक्तात आम्ल वाढतं, तेही शुगर फारशी वाढलेली नसताना, त्यामुळे लक्षातही येत नाही. मळमळ, उलटी, पोटात दुखणं, जोरजोरात श्वास असं झालं तर थेट हॉस्पिटल, आणि ही गोळी चालू आहे हे तिथे सांगा. एकभुक्त करायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि त्या दिवशीच्या लघवीच्या गोळीचं काय करायचं तेही विचारून. साबुदाणा, वेफर्स, तळलेली उपासाची कचोरी याने श्रावणात वजन वाढलेलेच लोक मला जास्त भेटतात.

प्रश्न : माझे सासरे हार्ट फेल्युअरचे जुने पेशंट, पूर्वी ८४ किलो होते. काहीही न करता आठ महिन्यांत ७४ वर आलेत. सगळे म्हणतात छान बारीक झालात. मला मात्र त्यांचं तोंड बघून बरं वाटत नाही, पॅन्टला आतून सेफ्टी पिन लावतात. (चिपळूण)

तुमची नजर बरोबर आहे. न ठरवता आठ महिन्यांत दहा किलो गेले म्हणजे बारा टक्के झाले. सहा ते बारा महिन्यांत पाच टक्क्यांच्या वर वजन आपोआप गेलं की आम्ही त्याला धोक्याची घंटा मानतो, मग पेशंट मुळात जाड असला तरी. आतड्याला सूज येते, अन्न अंगी लागत नाही, भूक मरते, शरीर स्वतःचाच स्नायू खायला लागतं. कधी कधी तर स्नायू इतके जातात आणि पाणी तेवढंच साठतं की काट्यावर वजन तेच दिसतं आणि घरच्यांना काही कळत नाही. कानशिलं खोल गेलीत का, गळ्याच्या हाडांजवळ खड्डे पडलेत का, बरणीचं झाकण उघडता येतं का, खुर्चीतून उठताना हात टेकतात का ते बघा.

त्यांना या आठवड्यातच दाखवा. नुसतं हृदयच नाही, थायरॉइड, शुगर, टीबी, कॅन्सर यांच्याही तपासण्या करून घ्या, वयाच्या मानाने ते लागतं, आणि गोळ्यांचे डोस ८४ किलोच्या माणसाला ठरवलेले होते तेही पुन्हा बघायला सांगा, बीपी उभं करून मोजायला सांगा. तोवर 'छान बारीक झालात' म्हणणाऱ्यांना घरातल्या कुणीतरी थांबवा कारण ते ऐकून ते अजून कमी जेवतील. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं द्या, मऊ भात-वरण, अंडं, तुमच्याकडे ताजा मासा मिळतो तो द्या, सुकट-खारं नको. आणि जाताना ती सेफ्टी पिनवाली पॅन्ट घालूनच न्या, डॉक्टरांना ती दाखवा.